पैशाची ओढाताण असलेल्या घरात मूल वाढवताना नेमकं काय बिघडतं, आणि बाहेरच्या माणसाने काय करावं

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "वर्गातल्या गरीब घरांतल्या मुलांचे आईवडील सभेला येत नाहीत, मुलांवर सतत ओरडतात, कधी हात उगारतात, अभ्यासाकडे बघत नाहीत. त्यांना मुलांची काळजी नाही असं म्हणवत नाही. मग हे होतं कशामुळे? आणि पैसे देणं आमच्या हातात नसताना आम्ही काय करावं?"

काळजी आहे की नाही, हा विचार आधी सोडून द्या. ती आहे असं धरूनच चाला, फार क्वचित चुकाल. गरिबी आईवडिलांकडून दोन गोष्टी हिरावून घेते, उसंत आणि खात्री. उसंत म्हणजे थोडी शिल्लक: वेळेची, अंगातल्या त्राणाची, डोक्यातल्या जागेची. खात्री म्हणजे उद्या काम मिळेल का, आज दिलेला शब्द उद्या पाळता येईल का, याचा भरवसा. मुलाला मोठं व्हायला नेमकं हेच दोन लागतं. त्याने हाक मारली की कुणीतरी वळून बघावं, आणि काल जसं वागलं तसंच आज वागावं. गरीब घरात बिघाड होतो तो बहुतेक याच दोन जागी, आणि तुम्हाला काही करता येईल तेही इथेच.

हा बिघाड कोणत्या वाटेने होतो ते चांगलं तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1980 च्या दशकात शेती मोठ्या संकटात सापडली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 पासून तिथल्या 451 कुटुंबांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. उत्पन्न घटलं आणि मूल बिघडलं, अशी सरळ रेघ त्यांना दिसली नाही. आधी तोंडमिळवणी होईना, त्याने आईवडिलांचं मन खचलं, मग दोघांत खटके उडू लागले, आणि त्यानंतर मुलांशी वागणं कडक आणि लहरी झालं. मुलांवरचा बराचसा परिणाम या शेवटच्या पायरीतून आला. जिथे आईवडील एकमेकांना धरून राहिले, तिथे तेवढ्याच तंगीचा फटका कमी बसला.

यातून कामाची एक गोष्ट घ्या. घराचं उत्पन्न किती, हे विचारू नका. लोकांना ते सांगायला नको वाटतं आणि त्यातून फारसं कळतही नाही. तीन गोष्टी समजून घ्या. गेल्या महिन्यात गरजेची कोणती वस्तू घेता आली नाही? कोणतं देणं थकलं आहे? कशात काटछाट करावी लागली? तेवढ्याच कमाईच्या दोन घरांत या उत्तरांमुळे जमीनअस्मानाचा फरक असतो. थकलेलं देणं आणि दारात येणारा वसुलीवाला असला, तर त्या आठवड्यात पालकत्वाचा कोणताही सल्ला देऊ नका. तो कानावर पडेल, आत जाणार नाही.

आत का जात नाही, त्यालाही कारण आहे. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तर्काची तीच कोडी कापणीआधी आणि कापणीनंतर घालण्यात आली. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. कापणीआधी, म्हणजे हात रिकामे असताना, त्याच माणसांची उत्तरं जास्त चुकली. माणूस तोच, बुद्धी तीच, पण डोक्यातली जागा हिशेबाने व्यापलेली. 2022 सालच्या एका अभ्यासात लहान मुलांच्या घरांतला आवाज दिवसभर ध्वनिमुद्रित केला होता. महिनाअखेरीला, पैसे संपत आलेले असताना, आईवडील मुलांशी कमी बोलत होते. याच संशोधकांनी काही पालकांना अलीकडच्या टंचाईचा प्रसंग आठवायला सांगितला, तर त्यानंतर तेही मुलांशी कमी बोलले.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा, कारण तो प्रशिक्षणांमधून अजून पसरतो. गरीब घरातलं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतं, हा आकडा 1995 सालच्या हार्ट आणि रिझली यांच्या अभ्यासातून आला. त्यात कुटुंबं होती फक्त 42, आणि सरकारी मदतीवर जगणारी त्यांतली सहा. सहा घरांवरून काढलेल्या अंदाजाच्या आधारे कुठल्याही आईला "तुम्ही मुलाशी बोलत नाही" असं सांगू नये. ती बोलते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कमी बोलते, आणि का कमी बोलते ते तिला नीट माहीत असतं.

आता ओरडण्याकडे येऊ. त्यासाठी संध्याकाळचा एक तास जवळून बघा. आई कामावरून येते. चप्पल काढता काढता चार वर्षांचं मूल पदर धरतं. तिचं डोकं चुलीकडे आणि भांड्यांकडे, त्यात आज खाडा झाल्याचा हिशेब. "थांब जरा." मूल परत ओढतं. "थांब म्हटलं ना." मग ते भांडं आपटतं किंवा धाकट्याला चिमटा काढतं. आता मात्र आई पूर्ण वळते, त्याच्याकडे बघते, आणि ओरडते. मुलाच्या पदरात काय पडलं? आईचं अख्खं लक्ष. रागाचं का असेना, पण ते मिळालं भांडं आपटल्यावर. दुसऱ्या दिवशी ते पदर ओढण्याची पायरी गाळून थेट भांड्यापाशी जातं. तिसऱ्या दिवशी आई आधीच तापलेली असते. एखाद्या दिवशी भांडणाला अंगात त्राणच नसतं, म्हणून ती हवं ते देऊन टाकते, आणि मूल शिकतं की पुरेसं ताणलं तर मिळतं. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने हे चक्र घराघरांत बसून, मिनिटामिनिटाला नोंदी करून दाखवलं. ते श्रीमंत घरातही फिरतं. फरक इतकाच की तिथे कुणीतरी मूल बाजूला घेऊन जातं, किंवा दुसरी खोली असते.

यावर "मुलांना रोज अर्धा तास द्या" हा सल्ला निरुपयोगी आहे. अर्धा तास नाहीच. चालतो तो उपाय तीन मिनिटांचा. घरात शिरल्यावर कामाला हात लावण्याआधी खाली, मुलाच्या उंचीला बसायचं. फोन पिशवीतच. काही विचारायचं नाही, विशेषतः शाळेचं आणि मारामारीचं तर नाहीच. मूल दाखवेल ते बघायचं, बोलेल ते ऐकायचं. बोलायचंही त्राण नसेल तर नुसतं जवळ घ्यायचं. मग स्वतः उठायचं आणि स्पष्ट सांगायचं: "आता मी काम करते, तू इथेच माझ्याजवळ हे कर." हातात खरं काम द्यायचं, चमचे वेगळे करणं किंवा घड्या घालणं. दोनतीन मुलं असतील तर क्रम ठरलेला हवा आणि तो रोज तोच हवा, नाहीतर तीन मिनिटांसाठीच भांडण पेटतं.

हे फसतं ते दोन ठिकाणी. पहिले चारपाच दिवस मूल जास्तच चिकटतं, कारण मिळालेलं परत जाईल अशी त्याला भीती असते. बहुतेक आया इथे सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. दुसरं, ज्या दिवशी मूल खोडी करतं त्या दिवशी शिक्षा म्हणून ही तीन मिनिटं कापली जातात. ती कधीच कापायची नाहीत. ती बक्षीस नाहीत, ती ठरलेली आहेत, आणि त्यांचा सगळा उपयोग त्या ठरलेपणातच आहे.

खात्रीचा भाग याहून कमी बोलला जातो, आणि माझ्या मते तोच जास्त खोल रुततो. तंगीच्या घरात सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे "बघू". नवीन वही? बघू. सहल? पगार झाला की बघू. आईबाप तो मायेने वापरतात, कारण नाही म्हणवत नाही. मुलाच्या कानाला मात्र तो आधी "हो" ऐकू येतो, आणि पाचसहा वेळा तोंडघशी पडल्यावर "नाही". त्यानंतर मोठ्यांच्या कुठल्याच शब्दाला वजन उरत नाही.

याचा परिणाम एका छोट्या प्रयोगात स्वच्छ दिसला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांच्या या कामात 28 लहान मुलं होती. निम्म्यांना एका मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो असं सांगितलं आणि आणून दिले. निम्म्यांच्या बाबतीत तो हात हलवत परत आला. मग सगळ्यांसमोर मार्शमॅलो नावाची एक मऊ गोड गोळी ठेवून सांगितलं की थांबलात तर दोन मिळतील. ज्यांना शब्द पाळला गेल्याचा अनुभव होता, ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. फसलेली मुलं 3 मिनिटं. गरीब मुलांना धीर नसतो, संयम नसतो, असं तुमच्या शिक्षक खोलीत कुणी म्हणालं तर हा प्रयोग सांगा. ज्या जगात "नंतर" येतच नाही, तिथे आत्ता उचलून घेणं हा त्या मुलाचा अचूक हिशेब आहे.

उपाय म्हणून पालकांना "बघू"च्या जागी तीन उत्तरं द्या. एक, "हो", पण दिवस सांगून. दोन, "नाही, हे आपण घेणार नाही." मूल रडेल, दहा मिनिटांत थांबेल, आणि ही जखम छोटी असते. तीन, "मला अजून माहीत नाही, रविवारी सांगते." मग रविवारी मुलाने विचारण्याआधी स्वतःहून सांगायचं, उत्तर "नाही" असलं तरी. तिसरं उत्तर सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाचं. घरात पैसा अनिश्चित असला तरी निदान उत्तर मिळण्याचा दिवस निश्चित करता येतो.

पैशाबद्दल मुलाला किती सांगावं, हेही पालक नेहमी विचारतात. सहा वर्षांपर्यंत कारणं देऊ नयेत. छोटं उत्तर पुरतं, आणि सोबत काय टिकून आहे ते सांगावं: आपण इथेच राहणार आहोत, तू शाळेत जाणार आहेस. सात ते अकरा या वयात मूल अर्धवट ऐकून बाकीचं मनाने भरतं, आणि त्याचं चित्र सत्याहून भयानक असतं. त्याला काय पक्कं आहे आणि काय अजून ठरलेलं नाही, एवढं दोन वाक्यांत सांगावं, आणि "यात तुझी चूक नाही" हे शब्द उच्चारून सांगावेत. बारानंतर खर्चाच्या यादीत त्याला सामील करून घ्यायला हरकत नाही. पण कोणत्याही वयात देणेकऱ्याला "बाबा घरी नाहीत" असं सांगायला मुलाला दारात पाठवू नये. त्या एका खोट्यात मूल घराची ढाल होतं, आणि मग त्याला परत मूल होऊ देणं अवघड जातं.

शिस्तीच्या कडकपणाबद्दल एक सावधानी. जिथे रस्ता धोक्याचा आहे, वाईट संगत दारात आहे, तिथे मुलाच्या एका चुकीची किंमत फार मोठी असते. सुखवस्तू घरातलं मूल तीच चूक करून सुटतं. म्हणून "कडक वागू नका" म्हणण्यात अर्थ नाही, पालकाला ते ऐकून तुम्ही त्याच्या जगात राहत नाही एवढंच कळतं. आज्ञा दोन गटांत विभागायला मदत करा. जिवाच्या आज्ञा तीन किंवा चार, त्यांत वाटाघाट नाही: रस्त्यावर हात सोडायचा नाही, अंधारानंतर बाहेर नाही, अशा. बाकी सगळ्यांत थोडी सवलत. मुलाला जास्त इजा होते ती लहरीपणाने. एकाच खोडीला सोमवारी हसू आणि गुरुवारी थप्पड मिळाली, तर मूल नियम शिकत नाही, आईबापांचा चेहरा वाचायला शिकतं. वर्गात तुमच्या आवाजाच्या जरा चढण्याने दचकणारी मुलं बघा, ती हेच करत असतात. मारण्याला माझा पाठिंबा कधीच नाही, आणि हे पालकांना स्पष्ट सांगतो. पण सांगण्याआधी त्यांच्या हातात दुसरं काहीतरी दिलेलं असावं लागतं. एक साधी, लगेच होणारी, दर वेळी तीच शिक्षा पुरते: खेळ पाच मिनिटं बंद, किंवा सांडलेलं स्वतः पुसायचं.

धाकट्यांना सांभाळणारी मोठी बहीण किंवा भाऊ दिसला की लगेच अन्याय म्हणू नका. जबाबदारीने मूल पिचतंच असं नाही. तीन गोष्टी तपासा: त्या कामामुळे शाळा बुडते का, स्वतःचा अभ्यास आणि खेळ यांना रोज थोडा तरी वेळ उरतो का, आणि काही विपरीत घडलं तर धावत येईल असा मोठा माणूस हाकेच्या अंतरावर आहे का. यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर ओझं जड झालं आहे.

दोन शारीरिक गोष्टी, कारण त्यांचा ठपका नेहमी स्वभावावर बसतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास. एका खोलीत दिवा, आवाज आणि मोठ्यांची उशिराची कामं चालू असली की ती मिळत नाही, आणि झोप न झालेलं मूल सुस्त न दिसता चिडकं आणि चळवळं दिसतं. खोली वाढवता येत नाही. रोज त्याच क्रमाने तोंड धुणं, अंथरूण, दोन मिनिटं गप्पा आणि दिव्याकडे पाठ, एवढं बहुतेक घरांत जमतं. दुसरी गोष्ट रक्तातलं लोह. लोह कमी असलेलं तान्हं मूल खेळण्याकडे जात नाही, आईला चिकटून बसतं, हसतं कमी, आणि त्यामुळे मोठी माणसंही त्याच्याशी कमी खेळतात. मंद, हट्टी, रडकं ही विशेषणं लावण्याआधी रक्त तपासून घ्या.

आईवडिलांचं मन खचलं आहे का, हे दोन प्रश्नांत चाचपता येतं. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं, असं किती दिवस? प्रत्येकाला 0 ते 3 गुण: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. बेरीज 3 किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवा. अशा वेळी पालकत्वाचा वर्ग हा उपचार नव्हे.

पैसे आणि घरभेटी यांनी काय बदलतं, याचे पुरावे मिश्र आहेत आणि ते तसेच सांगायला हवेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात संशोधक जेन कॉस्टेलो 1,420 मुलांचा अभ्यास करत असताना, 1990 च्या दशकात, तिथल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या कुटुंबांना कॅसिनोच्या नफ्यातून नियमित रक्कम मिळू लागली. जी घरं त्यामुळे गरिबीबाहेर आली, तिथल्या मुलांची बेशिस्त आणि आक्रमक वागणूक कमी झाली. चिंता आणि नैराश्यात तसा फरक पडला नाही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की आईवडिलांना मुलांवर लक्ष ठेवायला वेळ मिळू लागला होता. उलट, अमेरिकेत 1,000 नवमातांपैकी काहींना महिन्याला 333 डॉलर आणि बाकीच्यांना 20 डॉलर देणाऱ्या एका मोठ्या प्रयोगात चौथ्या वर्षी मुलांच्या भाषेत वा वागण्यात ठळक फरक आढळला नाही. पैसा लागतो, त्याला पर्याय नाही. पण किती, किती खात्रीचा आणि घराच्या कोणत्या ओझ्यावर तो पडतो, यावर सगळं अवलंबून आहे.

घरभेटींचं सर्वांत भक्कम उदाहरण जमैकातलं आहे. संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1980 च्या दशकात तिथल्या किंग्स्टन शहरातली वाढ खुंटलेली 129 लहान मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, वस्तीतल्याच आरोग्य सेविका जात. घरगुती टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत, आईसोबत मुलाला खेळवत, खेळणं तिथेच ठेवत आणि पुढच्या आठवड्यात बदलत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. त्या तासात खेळ आईच्या हाताने व्हायचा, हे विसरू नका. सेविकेने स्वतःच मुलाला खेळवलं तर आई प्रेक्षक होते आणि तास वाया जातो. खेळणं करताना तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात तोंडात मावेल असा लहान सुटा तुकडा नको, आणि खुळखुळ्याच्या बाटलीचं झाकण घट्ट चिकटवलेलंच हवं.

शेवटी तुमच्या सभेबद्दल. कामाच्या वेळेत ठेवलेली सभा म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला खाडा. न येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. वेळ त्यांना विचारून ठरवा, आणि येता येत नसेल तर पाच मिनिटांचा फोन चालतो म्हणून सांगा. एका वेळी एकच गोष्ट सुचवा. दहा सूचनांचा कागद दिलात तर त्यातली एकही होत नाही आणि अकरावी गोष्ट म्हणून अपराधीपणा पदरी पडतो. धाकट्या मुलांना सोबत आणायची मुभा द्या. आणि वर्षाचा पहिला निरोप तक्रारीचा नको. शाळेचा नंबर दिसला की ज्या आईच्या पोटात गोळा येतो, तिला जूनमध्येच एकदा कळवा की तिच्या मुलाने आज काय चांगलं केलं. नेमकं सांगा, कोणतं गणित, कुणाला केलेली कोणती मदत. मग सप्टेंबरमध्ये अडचण घेऊन फोन कराल तेव्हा ती उचलेल.